नॉक फुटला की धनुष्य धोक्यात: रिकामी दोरी सुटू नये म्हणून काय बघावे आणि सुटलीच तर काय करावे

नॉक म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची, दोरीत अडकणारी खाच; तिच्या दोन बाजू म्हणजे कान. दोरी सोडताना नॉकचा एक कान उडाला, की दोरी बाणाला मागून ढकलत नाही, त्याच्या कडेने निसटून जाते. बाण पायाशी पडतो किंवा भलतीकडे भरकटतो आणि धनुष्य पूर्ण ताकदीनिशी रिकामे सुटते. मैदानावर याला ड्राय फायर म्हणतात. कुणी गंमत म्हणून मोकळी दोरी ओढून सोडल्यावर धनुष्याचे जे होते, तेच इथेही होते. फरक एवढाच की इथे बाण लावलेला असतो, सगळे रीतसर चाललेले असते, त्यामुळे तिरंदाज पूर्ण बेसावध असतो.

इथे पारंपरिक धनुष्यांबद्दल लिहिले आहे: एकसंध लाकडी धनुष्य, लाँगबो, लाकडी रिकर्व्ह, आखूड घोडेस्वारी धनुष्य. इंडियन राउंड या आपल्याकडच्या स्पर्धाप्रकारातल्या बांबूच्या धनुष्यालाही यातले जवळपास सगळे लागू पडते. आपल्याकडे कित्येक मुलांची सुरुवात त्याच धनुष्यावर होते, म्हणून नॉक तपासणे मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवलेच पाहिजे.

बाण नसला तर ताकद कुठे जाते

२८ इंच ओढलेल्या ४० पौंडी (ओढायला ४० पौंड जोर लागणाऱ्या) लाँगबोमध्ये साधारण ५० ज्यूल ऊर्जा साठते. योग्य वजनाचा बाण त्यातली ३० ते ३५ ज्यूल घेऊन निघून जातो. उरलेली पात्यांच्या (धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन भागांच्या) आणि दोरीच्या थरथरीत, थोडी तिरंदाजाच्या हातात जिरते. बाण नसला की ही वाटणी होतच नाही. पात्यांची टोके नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने पुढे येतात, दोरी ताठ होऊन त्यांना एका क्षणात अडवते आणि तो सगळा हिसका टोकांच्या खाचा, डिंकाचे थर आणि लाकडाचे तंतू सोसतात.

त्यात दोरीचाही वाटा आहे. डेक्रॉनची दोरी थोडी ताणली जाते, त्यामुळे हिसका जरा सौम्य होतो. फास्ट फ्लाइटसारखी न ताणली जाणारी दोरी तो जसाच्या तसा टोकांवर नेऊन आदळते. म्हणून टोकांवर मजबुतीचा थर नसलेल्या जुन्या लाकडी धनुष्यावर डेक्रॉनच लावावी.

फार हलका बाण म्हणजे अर्धा ड्राय फायरच. लाकडी आणि बांबूच्या धनुष्याला ओढीच्या प्रत्येक पौंडामागे १० ग्रेन वजनाचा बाण सुरक्षित धरावा: ३० पौंडाला ३०० ग्रेन, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅम, ४० पौंडाला ४०० ग्रेन, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम. पौंड मात्र स्वतःच्या ओढीचे धरा. धनुष्यावर लिहिलेला आकडा २८ इंचांचा असतो आणि त्यापुढे प्रत्येक इंचाला साधारण दोन-तीन पौंड वाढतात.

नॉक कशाने फुटतो

सगळ्यात जास्त नॉक टार्गेटवरच मोडतात. दुसरा बाण येऊन घासून जातो, कानाला केसाएवढी चीर पडते आणि दहा पावलांवरून ती दिसतही नाही. पुढच्या फेरीत तोच बाण दोरीवर चढतो. याशिवाय उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते. बंद गाडीत बाण ठेवण्याची सवय असेल तर लवकरच. टार्गेटमधून बाण काढताना नॉक धरून पिरगळला, बाण दगडावर आपटला, कुणाचा पाय पडला, तरी कानाच्या मुळाशी ताण बसतो. अ‍ॅसिटोनने शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, पुसताना ते नॉकला लागले तर काही प्लास्टिकना बारीक जाळीदार चिरा पडतात. पिसाचा डिंक काढायला अ‍ॅसिटोन वापरायचेच असेल तर नॉक आधी काढून ठेवा.

पण चांगला, नवा, न तडकलेला नॉकही फुटतो, आणि त्याचे कारण फारसे कुणी बघत नाही. बाण दोरीवर पूर्ण बसलेला नसतो. ओढताना बोटांनी नॉक चिमटला जातो किंवा ओढ अर्ध्यातून सोडून पुन्हा घेताना बाण मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढे सरकतो. मग दोरी सुटल्यावर ती नॉकला ढकलत नाही, तेवढे अंतर धावून येऊन त्यावर आदळते. कान मुळापासून उडतात. पडलेला तुकडा हातात घेऊन लोक नॉकच्या दर्जाला दोष देतात, खरी चूक असते ती नॉक आणि दोरी यांच्या बसण्यात.

आखूड धनुष्यावर हे जास्त घडते. ५० इंचांच्या आसपासच्या धनुष्यात पूर्ण ओढीला दोरीचा कोन इतका टोकदार होतो की तीन बोटांनी धरल्यावर वरचे आणि खालचे बोट नॉकवर दाबले जाते. अशा धनुष्यावर अंगठ्याने ओढण्याची पद्धत रुळली त्यामागे हेही कारण आहेच. बोटांनीच ओढायचे असेल तर टॅबवर (बोटांच्या संरक्षक पट्टीवर) बोटांमध्ये स्पेसर हवा किंवा तिन्ही बोटे बाणाखाली घ्यावीत.

प्रत्येक बाणाची तपासणी

बाण टार्गेटमधून काढला की भात्यात जाण्याआधी त्याचा नॉक बघायचा. नेम धरण्याच्या वेळी नाही, कारण तेव्हा लक्ष दुसरीकडे असते. बाण उजेडाकडे धरा आणि खाचेच्या तळाशी, दोन्ही कान जिथून फुटतात तिथे बघा. पांढुरकी रेघ दिसली तर ते प्लास्टिक ताणले गेले आहे, नॉक बदला. मग अंगठा आणि तर्जनीत दोन्ही कान हलकेच आत दाबा, नंतर एकेक कान बाहेरच्या बाजूला जरासा लोटा. चीर असेल तर ती उघडते किंवा कान बोटाला पोकळ, सैल लागतो. शेवटी नॉक धरून फिरवून बघा. डिंकाने चिकटवलेला नॉक फिरला तर डिंक सुटला आहे.

जवळजवळ लागलेल्या दोन बाणांपैकी दोन्ही तपासा. ज्याच्यावर घासल्याची खूण आहे तो नॉक, चीर दिसो न दिसो, काढून टाका. नॉकची किंमत आणि धनुष्याची किंमत एकत्र डोळ्यांसमोर आणली की इथे काटकसर सुचत नाही.

कार्बनचे बाण वापरणाऱ्यांनी नॉकला मार बसल्यावर शाफ्टचे मागचे टोकही बघावे. नॉक काढून कडेवर उभी चीर आहे का पाहा, कापसाचा बोळा टोकाभोवती फिरवा, तंतू अडकले तर बाण बाद. मग शाफ्ट दोन्ही हातांत धरून चेहऱ्यापासून लांब, थोडा वाकवा आणि पिळा. कडकड ऐकू आली तर त्याचे दोन तुकडे करून टाका, म्हणजे तो चुकून पुन्हा कुणाच्या भात्यात जाणार नाही. फुटलेला कार्बन शाफ्ट धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो.

नॉक आणि दोरी: किती घट्ट, किती सैल

धनुष्य असे आडवे धरा की दोरी जमिनीला समांतर राहील, आणि बाण दोरीला लटकवा. तो स्वतःच्या वजनाने पडता कामा नये. आता नॉकपासून तीन-चार सेंटिमीटरवर दोरीला बोटाने एक टिचकी मारा. बाण सुटून पडला पाहिजे. टिचकीआधीच पडला तर सैल, दोन-तीन जोरदार टिचक्यांनीही हलला नाही तर घट्ट. सैल नॉक ओढताना दोरीवरून उतरतो. घट्ट नॉकचे कान प्रत्येक बाणागणिक फाकतात आणि काही दिवसांत तळाशी चिरतात.

बसणे बिघडलेले असेल तर नॉक नव्हे, दोरीचे सर्विंग (दोरीच्या मध्यावर गुंडाळलेला दोरा) बदला. गरम पाण्यात नॉक बुडवून कान दाबायची किंवा फाकवायची युक्ती काही मऊ प्लास्टिकवर चालते, पण बारा बाण एकसारखे करणे त्यात जमत नाही आणि ताणलेले प्लास्टिक आणखी ताणले जाते. सर्विंग एकदा नीट केले की सगळे बाण एकदम जुळतात. जाडी फार असेल तर जुने सर्विंग उलगडून पातळ दोऱ्याचे घाला: ०.०२४ इंचाऐवजी ०.०२१ किंवा ०.०१९. कमी असेल तर जाड दोरा घ्या किंवा सर्विंगखाली दोरीचेच एक-दोन तंतू मधल्या भागापुरते जादा ठेवा. मैदानावर तात्पुरते करायचे तर डेंटल फ्लॉसचा एक थर सर्विंगवर घट्ट गुंडाळता येतो. घरी गेल्यावर ते काढून नीट करा. सर्विंग नॉकच्या जागेच्या वर पाच आणि खाली दहा-बारा सेंटिमीटर तरी असावे. सैल गुंडाळलेले सर्विंग सरकते आणि त्याबरोबर नॉकिंग पॉइंट, म्हणजे नॉकची जागा ठरवणारा दोरीवरचा गोळा, तोही सरकतो.

जपानच्या क्यूदो या पारंपरिक तिरंदाजीत ही गोष्ट फार काटेकोरपणे करतात. दोरीच्या मध्यावर तागासारखे तंतू डिंकासह गुंडाळतात आणि दोन छोट्या लाकडी ठोकळ्यांमध्ये ते लाटून बरोबर नॉकच्या मापाचे करतात. वापराने जाडी कमी झाली की पुन्हा नवे घालतात. दोरी नॉकच्या मापाला आणायची, हेच तिथलेही सूत्र आहे.

नॉकिंग पॉइंट दोन बांधा, एक नॉकच्या वर आणि एक खाली. वरचाच असेल तर बाण सुटताना खाली सरकू शकतो. तिन्ही बोटे बाणाखाली घेणाऱ्यांच्या बाबतीत तर नक्कीच. दोघांमध्ये नॉक अगदी करकचून बसवू नका, अर्धा ते एक मिलिमीटर मोकळीक ठेवा. धनुष्य ओढल्यावर दोरी कोनात येते, आणि जागा नसेल तर ते दोन गोळेच नॉकला चिमटून पुढे ढकलतात. दोऱ्याने बांधलेले गोळे पितळी कड्यांपेक्षा बरे: नॉकला कुरतडत नाहीत आणि सर्विंगही कापत नाहीत. हाताने दाबून हलले तर दोऱ्याखाली डिंकाचा थेंब द्या.

यानंतरची सवय एकच. बाण लावला की नॉक बसल्याचा टक आवाज ऐका, आणि ओढ अर्ध्यातून सोडली तर पुन्हा ओढण्याआधी नॉक दोरीवर परत दाबून बसवा. दुसरी अट धनुष्य हातात घेणाऱ्या सगळ्या पाहुण्यांनाही लागू आहे: बाण नसताना दोरी ओढायची नाही. चुकून ओढलीच तर सोडायची नाही, हळूहळू परत आणायची.

लाकडी बाणाला प्लास्टिकचा नॉक लावणे

लाकडी बाणाच्या मागच्या टोकाला ११.५ अंशांचा निमुळता उतार असतो आणि नॉक त्यावर चिकटतो. ५/१६ इंच शाफ्टला ५/१६ चा नॉक. ११/३२ आणि २३/६४ या दोन्ही शाफ्टना ११/३२ चा चालतो.

१. जुना नॉक पकडीने धरून पिळा, तो तुकड्यांत निघेल. राहिलेले प्लास्टिक चाकूने उताराच्या दिशेने खरवडा, लाकूड तासू नका. पिसांजवळ ज्योत आणू नका.
२. उतार खराब झाला असेल तर पेन्सिलच्या शार्पनरसारखे चालणाऱ्या टेपर टूलमधून तो पुन्हा काढा. बाण दोन-चार मिलिमीटर आखूड होईल, त्याने बिघडत नाही.
३. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण सुकू द्या.
४. नॉक डिंकाशिवाय बसवून पाहा. तो डगमगत असेल तर उतार चुकला आहे. ती पोकळी डिंकाने भरू नका.
५. दिशा ठरवा. खाच लाकडाच्या वर्षरेषांच्या थरांना आडवी, काटकोनात यायला हवी. थरांना समांतर आली तर दोरीचा धक्का पाचरीसारखा काम करून शाफ्ट उभा चिरतो. वेगळ्या रंगाचे पीस खाचेशी काटकोनात असते. शाफ्ट आधीपासून पिसे लावलेला असेल तर पिसे बघूनच खाच जुळवा.
६. उतारावर नॉकच्या सिमेंटचा एक थेंब, मग नॉक दाबत दाबत एक-दोन वेढे फिरवून जागेवर आणा. बाहेर आलेला डिंक पुसा. बाण दोन नखांवर फिरवून नॉक सरळ आहे का बघा. २४ तास तो बाण सोडू नका.

लाकडातच किंवा बांबूतच कापलेली खाच

इथे प्लास्टिक नाही, त्यामुळे खाच फुटली की शाफ्टच उभा फाटतो आणि फाटलेला बाण धनुष्य धरलेल्या हाताजवळून जातो. म्हणून जास्त काळजी हवी. तीन हॅक्सॉ ब्लेड टेपने एकत्र बांधले की एका कापात दोरीजोगी रुंदी मिळते. सहा ते आठ मिलिमीटर खोल जा. तळ चौकोनी ठेवू नका. बारीक गोल कानसीने तो गोलाकार करा, कारण चीर नेहमी कोपऱ्यातून सुरू होते.

बांबूच्या बाणाची खाच गाठीला लागूनच, तिच्या वर कापा. गाठीत तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि तिथे चीर थांबते. गाठ सोडून पोकळ भागात कापलेली खाच थोड्याच बाणांत फाटते. खाचेच्या तळाच्या लगेच खाली रेशमी किंवा पॉलिस्टर दोऱ्याचा १२ ते १५ मिलिमीटरचा घट्ट वेढा द्या, एकावर एक न चढवता, आणि त्यात पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट किंवा लाख मुरवा. हा वेढा सुटलेला दिसला की बाण वापरायचा नाही.

फार ताकदीच्या धनुष्याला एवढ्याने भागत नाही. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोज’ या इंग्लिश युद्धनौकेवर साडेतीन हजारांच्या आसपास बाण मिळाले. त्यांच्या खाचेला काटकोनात आणखी एक उभी चीर दिसते. तिच्यात शिंगाची पातळ पट्टी बसवलेली असे, म्हणजे दोरीचा मार लाकडाऐवजी शिंगावर पडे. शंभर पौंडांच्या वरच्या धनुष्यांसाठी केलेली ती सोय आजही तशीच करता येते: खाचेला काटकोनात पातळ करवतीने चार-पाच सेंटिमीटर खोल चीर द्या, त्यात शिंगाची किंवा कडक फायबरची पट्टी इपॉक्सीने बसवा, वरून दोऱ्याचा वेढा द्या आणि मग खाच कापा. शाफ्टला खाच आधी कापली तर चीर देताना कान मोडतात.

रिकामी दोरी सुटलीच तर

थांबा. पुन्हा ओढून बघायचे नाही; पहिल्या हिसक्याने कमकुवत झालेले धनुष्य या दुसऱ्या ओढीने तुटू शकते. आधी माणूस: डोळे, चेहरा, हाताचा आतला भाग. मग बाण आणि नॉकचे तुकडे शोधा. कान मुळाशी जुन्या, मळकट रेषेवर तुटला असेल तर ती चीर आधीची होती. पृष्ठभाग सगळीकडे ताजा आणि दोन्ही कान उडालेले असतील तर बाण दोरीवर पूर्ण बसलेला नव्हता, असाच अंदाज करावा. नॉक शाबूत असेल तर बाण ओढतानाच दोरीवरून उतरला. सर्विंगची जाडी तपासा.

दोरी चढलेलीच असताना धनुष्य हाताच्या अंतरावर धरून टोकापासून टोकापर्यंत बघा. दोरी दोन्ही पात्यांच्या मधोमध जाते का? ब्रेस हाइट (मुठीपासून दोरीचे अंतर) आणि टिलर (वरच्या आणि खालच्या पात्यापासून दोरीच्या अंतरांतला फरक) मोजा आणि नेहमीच्या मापांशी ताडून पाहा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर कुठेतरी काही सरकले आहे. ही मापे आधी लिहून ठेवलेली नसतील तर ताडायला काही नसते, म्हणून धनुष्य चांगले असतानाच ती मुठीच्या आत पेन्सिलने नोंदवावीत.

आता दोरी उतरवा, पण पाय अडकवून किंवा गुडघ्यावर वाकवून नाही, स्ट्रिंगरनेच (दोरी चढवण्या-उतरवण्याच्या साधनानेच), चेहरा बाजूला ठेवून. दोरीचे दोन्ही फासे, टोकांचे सर्विंग आणि मधला भाग बघा. एक तंतू जरी तुटला असेल तरी दोरी टाकून द्या. मग टोकांच्या खाचा: नखाने चाचपा, कड उकलली आहे का, वरचा थर उचलला आहे का बघा. पात्यांच्या कडांवर बाजूने टॉर्चचा उजेड टाका. थर सुटले असतील तर डिंकाच्या रेषेत काळी फट दिसते. पाठीवर (टार्गेटकडच्या बाजूवर) कापूस फिरवा, उठलेली ढलपी त्याला अडकते. पोटाकडे (तिरंदाजाकडच्या बाजूला) तंतूंना आडव्या, केसासारख्या रेषा दिसल्या तर लाकूड दाबाने चेंगरले आहे आणि ते धनुष्य आता विश्वासाचे नाही. बांबूत गाठीपाशी उचललेले तंतू बघा. फायबरग्लासवरची लांबीच्या दिशेने जाणारी पुसट रेषा पुष्कळदा वरवरची असते, आडवी रेषा वरवरची कधीच नसते.

टेकडाउन रिकर्व्ह असेल तर पाती काढून बोल्टची जागा, पिना आणि पात्याच्या बुडाची खाच तपासा. हिसका तिथेही पोचतो.

काहीच सापडले नाही तर नवी दोरी चढवून धनुष्य पंधरा मिनिटे तसेच ठेवा आणि मापे पुन्हा घ्या. मग डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालून, टार्गेटसमोर, तपासलेला नॉक असलेला जड बाण लावून थोडेसे ओढा आणि परत आणा, दहा-पंधरा वेळा. त्यानंतर अर्ध्यापर्यंत, मग पाऊणपर्यंत. आजूबाजूला कुणी उभे नको. टिचल्यासारखा आवाज आला, पाते एकीकडे जास्त वाकले किंवा मुठीत नवा कंप जाणवला तर तिथेच थांबून धनुष्य बनवणाऱ्याला दाखवा. सगळे ठीक वाटले तर पूर्ण ओढीने वीस बाण सोडा, दोरी उतरवा आणि टोकांपासून पोटापर्यंत तीच तपासणी पुन्हा करा.